टाळ्या ऐकून सुई लावा

आमच्या अण्णांचा सांगलीच्या गावभागात लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. लग्न, मुंज, गणपती, निवडणूक, काहीही असो. खांबावर कर्णे चढले, वायरी ओढून झाल्या की बाकीचे स्पीकरवाले 'हॅलो, माइक टेस्टिंग' सुरू करायचे. अण्णा बोलायचे नाहीत. माइकपासून हातभर लांब उभे राहून एकच टाळी वाजवायचे आणि कान तिरका करून थांबायचे. "टाळी ऐकू आली पाहिजे, पत्रा नाही," एवढंच म्हणून टोनचा नॉब जरासा फिरवायचे. मी पुढे वीज मंडळात चौतीस वर्षं काढली, निवृत्त होऊन पुण्याला आलो आणि हाताशी वेळ आल्यावर रेकॉर्डचा जुना नाद परत लागला. आता सुई बसवायला माझ्याकडे आरसा आहे, ग्रॅमचा काटा आहे, मापाचा कागद आहे. तरी शेवटचा शब्द टाळीचाच.

हे लिहितोय ते अशांसाठी, ज्यांनी एखाद्या जुन्या लाइव्ह अल्बमची दर्दी लोकांसाठी काढलेली महागडी नवी आवृत्ती घेतली, घरी लावून बघितली आणि मनातल्या मनात म्हटलं, बरी आहे, पण एवढे पैसे कशाचे घेतले? पैसे हॉलचे घेतलेत. स्टुडिओतल्या रेकॉर्डमध्ये गाणं संपलं की शांतता असते. लाइव्ह रेकॉर्डमध्ये गाणं संपल्यावरही हॉल चालूच असतो: खुर्च्या, खोकला, कुणीतरी उशिरा वाजवलेली शेवटची टाळी. तो हॉल घरात आला नाही तर तुमच्या हातात नुसतं जाड प्लॅस्टिक आहे. आणि तो न येण्याचं खापर बहुतेक वेळा रेकॉर्डवर फुटतं, दोष मात्र आपल्या सुईचा असतो.

उदाहरणादाखल एकच अल्बम धरतो, कारण तो मी झिजवलाय: 'बेलाफॉन्टे ॲट कार्नेगी हॉल'. हॅरी बेलाफॉन्टे या अमेरिकी गायकाचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते सांगलीतच, वालचंद कॉलेजच्या हॉस्टेलवर. एका गिटारवाल्या सीनियरला 'जमैका फेअरवेल' एवढं एकच गाणं यायचं आणि तो ते चार वर्षं वाजवत होता. पुष्कळ वर्षांनी कळलं की हेच गाणं बेलाफॉन्टेनं १९ आणि २० एप्रिल १९५९ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायलेलं आहे, दोन शाळांच्या मदतीसाठी केलेल्या कार्यक्रमात. आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीनं त्याचा दोन तबकड्यांचा अल्बम काढला. त्यांच्या स्टिरिओ एलपी बाजारात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं असेल. सगळ्यांसाठी नवंच तंत्र, आणि बॉब सिम्प्सन यांनी त्या नवलाईत असं ध्वनिमुद्रण करून ठेवलं की त्यासाठी त्यांना ग्रॅमी मिळाला. अमेरिकेतल्या खपाच्या यादीत हा अल्बम तीन वर्षांहून जास्त टिकला. नंतर 'ॲब्सोल्यूट साउंड' मासिकाच्या हॅरी पिअर्सन यांनी तो आपल्या 'सुपर डिस्क'च्या यादीत घातला, आणि मग ऑडिओफाइल, म्हणजे आवाजाची दर्दी मंडळी त्याच्या मागे लागली. १९९० च्या दशकात क्लासिक रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीनं तो जड विनाइलवर, म्हणजे एलपीच्या प्लॅस्टिकवर, पुन्हा काढला.

घेण्याआधी काय बघायचं

वजन सगळ्यात शेवटी बघा. '१८० ग्रॅम' हा शिक्का हल्ली मिठाईवरच्या 'शुद्ध तुपातली'सारखा झालाय. नेहमीची एलपी १२०-१४० ग्रॅमची असते. जास्तीच्या चाळीस-साठ ग्रॅमनं खाच खोल होत नाही की आवाज मोठा होत नाही. जड तबकडी हातात भारदस्त वाटते, सपाट निघण्याची शक्यता थोडी जास्त असते, बस.

खरं बघायचं ते हे की कुठली टेप वापरली आणि लॅकरवर, म्हणजे साचा काढायच्या पहिल्या तबकडीवर, खाच कुणी कोरली. ती कोरणाऱ्याला मास्टरिंग किंवा कटिंग इंजिनिअर म्हणतात. त्याच्या हातात टेप आणि रेकॉर्ड यांच्यामधली सगळी सत्ता असते: आवाज किती चढवायचा, खाचा किती दाट बसवायच्या, बाजू कुठं संपवायची. त्यांच्यातले मोठे लोक सही करतात. लेबलभोवती जो गाणं नसलेला गुळगुळीत पट्टा असतो ना, तिथं तिरप्या उजेडात बघा, सुईनं खरवडल्यासारखी अक्षरं दिसतील. बर्नी ग्रंडमन यांची खूण 'बीजी'. केविन ग्रे यांची 'केपीजी'. क्लासिक रेकॉर्ड्ससाठी कटिंग ग्रंडमन यांनीच केलं. दुकानात रेकॉर्ड हातात आली की लोक पाकीट वाचतात, मी आधी तो पट्टा वाचतो.

'मूळ टेपवरून' या शब्दांना मात्र भुलू नका, आणि त्यावरून डोकंही फिरवून घेऊ नका. मोबाइल फिडेलिटी ही या धंद्यातली फार नावाजलेली कंपनी. लोक ज्यांना शुद्ध ॲनालॉग, म्हणजे मधे संगणकाचे आकडे न येता टेपवरून थेट कोरलेल्या, समजत होते अशा तिच्या कित्येक रेकॉर्डच्या कामात मधे एक डिजिटल टप्पा होता, हे २०२२ मध्ये उघड झालं. मोठी ओरड झाली. कंपनीनं सांगायला हवं होतं, यात वाद नाही. पण त्याच्या आदल्या दिवसापर्यंत हीच मंडळी त्याच रेकॉर्ड ऐकून माना डोलवत होती, हेही तेवढंच खरं.

जुनी मूळ प्रत घ्यावी का? मिळाली आणि चांगली असली तर जरूर. मुंबईचा चोर बाजार, पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, इथं इंग्रजी रेकॉर्डचे गठ्ठे येतात. पण १९५९ ची तबकडी १९५९ च्या प्लेअरवर वाजलेली असते. त्या काळच्या पिकअपचं, म्हणजे सुईचं, तबकडीवर पडणारं वजन चार-पाच ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त असायचं. आमच्या अण्णांच्या प्लेअरची सुई उडायला लागली की ते हेडशेलवर, म्हणजे दांड्याच्या सुईकडच्या टोकावर, चार आण्याचं नाणं चिकटवत. वरात पुढे सरकत राहायची, गाणं थांबत नसे, आणि तबकडीचं मात्र वाटोळं व्हायचं. असा नांगर फिरलेली खाच कितीही धुतली तरी चढ्या सुरात खरखरतेच. एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो: त्या काळच्या पुष्कळ दुहेरी अल्बममध्ये एका तबकडीवर बाजू १ आणि ४ असतात, दुसरीवर २ आणि ३. ती चूक नाही. तबकड्यांची चळत लावून एकामागून एक आपोआप वाजवणाऱ्या प्लेअरसाठी ती सोय होती. मी एकदा दुकानदाराशी यावरून हुज्जत घालून आलोय, अजून लाज वाटते.

माझी प्रत भाचीनं न्यू जर्सीहून आणली. बाहेरून मागवणार असाल किंवा कुणाकडून आणवणार असाल तर एवढंच सांगा: तबकड्या पाकिटातून बाहेर काढून, पाकिटाच्या मागे वेगळ्या ठेवून पॅक करा. आत ठेवल्या की विमानात-ट्रकमध्ये आदळून तबकडीची कड पाकिटाची शिवण उसवते. आणि बॅग हातातली हवी, विमानाच्या पोटातली नको.

धुणं

नवी रेकॉर्ड स्वच्छ असते असं वाटतं ना? आतल्या कागदी पाकिटाचे तंतू, कारखान्यातली धूळ, सगळं तिच्यावर असतं. स्टुडिओतल्या रेकॉर्डवर एखादा टिकटिक आवाज खपून जातो. लाइव्हमध्ये 'शेनान्डोआ'सारख्या गाण्यात बेलाफॉन्टे इतका हळू गातो की अख्खा हॉल श्वास धरून बसलेला कळतो. तिथं एक कण म्हणजे फोडणीतली मोहरी.

माझी कृती अशी. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायचं. तीन भाग पाणी, एक भाग अल्कोहोल, आणि अर्ध्या लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. दोन टाकलेत तर फेस खाचांत बसतो. नळाचं पाणी अजिबात नको, त्यातला क्षार वाळून खाचेत राहतो. स्वच्छ टॉवेलवर तबकडी ठेवा, लेबलवर स्टीलची वाटी पालथी घाला म्हणजे ते भिजणार नाही, आणि मऊ मायक्रोफायबरनं गोल गोल, खाचेच्या दिशेनं, न दाबता फिरवा. आडवं पुसायचं नाही. मग दुसऱ्या फडक्यानं नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचे दोन हात. हे दुसरं धुणं लोक टाळतात आणि मग सुईवर पांढरा गोळा जमला म्हणून तक्रार करतात.

वाळवायला आमच्याकडे जुनं लाकडी ताटाळं आहे, आईचं. त्यात सहा तबकड्या एकमेकींना न लागता उभ्या राहतात. बायकोनं सुरुवातीला आक्षेप घेतला होता. आता ताटं ओट्यावर पालथी असतात आणि ताटाळं माझं. स्टीलचं असेल तर तारांना कापडाची पट्टी गुंडाळा.

आता सावधगिरीची गोष्ट, आणि ही माझ्या स्वतःच्या पापाची आहे. वरचं मिश्रण फक्त विनाइलसाठी. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जुन्या तबकडीला लावलंत तर संपलं. २००४ च्या उन्हाळ्यात मी अण्णांच्या ७८ च्या तबकड्या साफ करायला काढल्या. नाट्यगीतांचा चांगला साठा होता. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसायला लागलो. बोळा काळा झाला. मला आनंद झाला, काय मळ निघतोय! दुसरा बोळा काळा. तिसराही. चौथ्याला तबकडीची चमक गेलेली दिसली आणि बोट तिला चिकटलं. ७८ ची तबकडी लाखेची असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे कुठल्याही सुताराला ठाऊक आहे, तो तसंच तर पॉलिश करतो. मी मळ पुसत नव्हतो, गाणंच पुसत होतो. अण्णा तेव्हा ८१ वर्षांचे. त्यांनी बोळा नाकाशी धरला, तबकडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आता उरलंय त्यात दाराला एक हात मारून घे." बाकीच्या तबकड्या २०१९ च्या पुरात गेल्या, तो हिशोब कृष्णामाईचा. ती एक मात्र माझ्या नावावर.

रोजच्यासाठी कार्बन फायबरचा ब्रश पुरतो. तबकडी फिरत असताना केस नुसते टेकवायचे, दोन फेऱ्या, आणि बाहेरच्या कडेला सरकवत उचलायचा. ठेवायच्या त्या उभ्याच, आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या पाकिटात. जाड चकचकीत पीव्हीसीची पाकिटं आत वापरू नका, कालांतरानं तबकडीवर ढगाळ डाग पडतो. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवलंत तर बुरशी येणारच. आतल्या भिंतीला ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या महिन्याला बदला.

सुई

मुख्य काम इथंच आहे, म्हणून घाई करू नका. रविवारची सकाळ ठेवा.

आधी प्लेअर समतल. आमच्याकडे तो ओट्याच्या कामातून उरलेल्या कडप्प्याच्या तुकड्यावर बसवलाय, खाली टेनिसच्या चेंडूचे अर्धे तुकडे. दगड जड असतो, पावलांची धडधड वर जाऊ देत नाही. पाणसळीतला बुडबुडा मधे आला की पुढे. लाकडी मिस्त्रीकडची मोठी पाणसळ नको, छोटी गोल मिळते ती घ्या.

सुईबद्दल माझं मत ठाम आहे: पैसे प्लेअरच्या दिसण्यावर घालवू नका, सुईच्या टोकावर घाला. खाचेचं गणित ऐका. तबकडी फिरते एकाच वेगानं, मिनिटाला ३३⅓ फेरे. पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात खूप अंतर कापलं जातं, आत थोडं. म्हणजे बाहेर सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलाजवळ जेमतेम वीस-एकवीस. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. बोथट गोल टोकाची सुई त्या दाट वळणांत शिरूच शकत नाही, वरवर घसरत जाते आणि 'स', 'श' थुंकल्यासारखे येतात. काही महागड्या आवृत्त्या ४५ फेऱ्यांवर काढतात त्या यासाठीच. जागा ऐसपैस होते, आपल्याला मात्र दर दहा-बारा मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते.

माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ मालिकेतलं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला छोटा ठोकळा, आहे. चांगलं हे की अंग तेच ठेवून पुढची सुई तेवढी बदलता येते. मी लंबगोल टोकापासून सुरुवात केली आणि वर्षभरानं मायक्रोलिनिअर, म्हणजे आणखी बारीक घडवलेल्या टोकाची, घेतली. फरक पहिल्या गाण्यात फारसा नाही. शेवटच्या गाण्यात जमीन-अस्मानाचा.

वजन: या मालिकेला दोन ग्रॅम सांगितलंय, १.८ ते २.२ च्या मधे. इतर कार्ट्रिजचं वेगळं असतं, डबीवर छापलेलं असतं. सुईच्या दांड्यावरच्या आकड्यांवर विसंबू नका. सुईच्या वजनासाठी छोटा डिजिटल काटा मिळतो, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. पुष्कळ लोक तबकडीची काळजी म्हणून वजन कमी ठेवतात, १.५ वगैरे. ही माया उलटी आहे. हलकी सुई खाचेत टिकत नाही, मोठ्या आवाजाला उडते आणि परत आपटते, आणि खाचेचे काठ तोडते. किंचित जास्त चालेल, कमी नको. तरीही हेडशेलवर नाणं नको, अण्णांची क्षमा मागून सांगतो.

मग कोन. मापाचा कागद, त्याला प्रोट्रॅक्टर म्हणतात, त्यावर मधल्या खुंटीपासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर दोन ठिपके असतात. प्लेअर बंद ठेवून दोन्ही ठिपक्यांवर सुई टेकवायची आणि दोन्हीकडे कार्ट्रिजच्या कडा छापलेल्या रेघांना समांतर आल्या पाहिजेत. एकीकडे जमलं की दुसरीकडे बिघडतं. मग कार्ट्रिज स्क्रूच्या खाचेत केसभर पुढे-मागे करायचं. घरच्या प्रिंटरवर छापणार असाल तर 'फिट टू पेज' बंद करा आणि पट्टीनं मोजून घ्या. माझा पहिला कागद चार टक्के लहान छापला गेला होता. तीन आठवडे मी चुकीच्या रेघांना अगदी बरोबर समांतर करत बसलो होतो.

समोरून बघताना छोटा आरसा तबकडीच्या जागी ठेवून त्यावर सुई टेकवा. सुई आणि तिचं प्रतिबिंब मिळून एक सरळ उभी रेघ दिसली पाहिजे. मधे कंबर मोडली असेल तर हेडशेल किंचित फिरवा. बाजूनं बघताना दांडा तबकडीला समांतर हवा. अँटिस्केटिंगचा, म्हणजे दांडा आत ओढला जाऊ नये म्हणून असलेला, नॉब वजनाच्या आकड्याएवढा ठेवून सुरुवात करा.

टाळी

आता बेलाफॉन्टे लावा. पहिल्या बाजूची सुरुवात. अजून गाणं ऐकू नका, टाळ्या ऐका.

टाळ्यांचा आवाज हा सुईला पडणारा सगळ्यात अवघड पेपर आहे. एका सुरात किंवा तालात नसतो, हजारो छोटे फटके वेगवेगळ्या क्षणी येतात. कार्नेगी हॉलमध्ये २,८०० च्या आसपास माणसं बसतात. घडी बसलेली नसेल तर हे सगळे मिळून पत्र्यावरचा पाऊस होतात, एकसारखा, सपाट, खरखरीत. घडी बसत गेली की पावसातून हात वेगळे व्हायला लागतात. कुणाची पोकळ तळव्याची टाळी, कुणाची सपाट, कुणी मागे बाल्कनीत. पुढच्या रांगेतल्या जाड आणि जवळच्या, वरच्या बारीक आणि उशिरा पोचणाऱ्या. इथं अण्णा आठवतात.

टाळ्या काय सांगतात ते मला अनुभवानं असं कळलंय. सगळीकडून थुंकल्यासारख्या आल्या तर वजन कमी आहे किंवा सुईवर कचरा आहे, आधी सुई साफ करा, मागून पुढे, कधीही पुढून मागे नाही. उजवीकडच्या खरखरीत आणि डावीकडच्या छान, किंवा उलट, तर अँटिस्केटिंग किंवा आरशातली कंबर बघा. दोन्हीकडे ठीक पण मधे भोक, म्हणजे माणसं दोन स्पीकरपाशीच गोळा झालीत आणि स्टेजवर कुणी नाही, तर बहुधा सुईचा दोषच नाही. स्पीकर फार लांब लांब ठेवलेत किंवा टीव्हीच्या कपाटात कोंबलेत. भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. आणि टाळ्यांच्या खाली घूं असा आवाज सतत असेल तर प्लेअरची अर्थची बारीक वायर फोनो अँप्लिफायरच्या, म्हणजे सुईचा क्षीण आवाज मोठा करणाऱ्या डब्याच्या, स्क्रूला लावलेली नाही. जुन्या इमारतीत ती लावूनही घूं जात नाही. मग इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीतलं अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत पोचलंय का ते मोजून घ्या. कित्येक ठिकाणी तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, हे मी चौतीस वर्षांच्या अनुभवावर सांगतो.

विजेचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतून प्लेअर आणणाऱ्यांसाठी दोन ओळी. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट कमी होतात, हर्ट्‌झ बदलत नाहीत. तिकडे ६०, आपल्याकडे ५०. मोटर साधी एसी सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या या आकड्यावर वेग ठरणारी, असेल तर प्लेअर आपल्याकडे पाच-षष्ठांश वेगानं फिरणार, ३३⅓ चे २८ च्या आत येणार, आणि बेलाफॉन्टे गाढ झोपेत गाणार. ५० हर्ट्‌झची पुली मिळते का बघा, नाहीतर तो प्लेअर आणू नका. वेग तपासायला १८० रेघांची चकती तबकडीवर ठेवून निऑनच्या दिव्यात बघा. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडीच्या उजेडात हे बहुधा जमत नाही.

चौथी बाजू

टाळ्या सुट्या झाल्या की खरी परीक्षा, आणि ती या अल्बमनं आपणहून मांडून ठेवलीय. चौथ्या बाजूवर आधी 'शेनान्डोआ', सगळ्यात हळू गाणं, त्यात तुमचं धुणं कळतं. मग 'मटिल्डा', अकरा-एक मिनिटांचं, आणि ते संपतं लेबलाजवळ, जिथं खाच सगळ्यात सावकाश चालते. म्हणजे सगळ्यात जास्त माणसं सगळ्यात अडचणीच्या जागी.

गाणं साधंच आहे, मटिल्डा पैसे घेऊन पळाली एवढीच गोष्ट. पण तो हॉलला गायला लावतो. आधी सगळ्यांना, मग वरच्या मजल्याला, मग हळू, मग आणखी हळू. मधे चाळिशीपुढच्या बायकांना गायला सांगतो आणि हशा पिकतो. तुमची सुई नीट असेल तर या सगळ्यात तुम्हाला गायक स्टेजवर फिरताना कळतो. तोंड वळवून बोलला की आवाज वळतो, आणि वरून येणारं गाणं खालच्या हशापेक्षा लांबचं वाटतं. नीट नसेल तर शेवटच्या तीन मिनिटांत सगळं मिळून एक चुरचुरणारा लगदा होतो. तसं झालं तर आतल्या ठिपक्यावर, ६६ वर, कोन पुन्हा बघा. माझं पाचव्या खेपेला जमलं. तेव्हा भाची समोर बसली होती. "मामा, चालू तर आहे केव्हाचं, मग परत परत काय काढताय?" असं ती चौथ्या खेपेपर्यंत विचारत होती, पाचव्याला विचारलं नाही. आणि चाळिशीपुढच्या बायकांची पाळी आली तेव्हा स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्टीच्या मागोमाग आवाज आला, "म-टि-ल्डा!" शब्द एवढाच, सूर बरोबर.

बाजू संपली की लगेच उठा. साध्या प्लेअरची सुई आपोआप परत येत नाही, शेवटच्या खाचेत टकटक करत झिजत राहते. सुईचं आयुष्य मोजून ठेवायला हवं: ऑडिओ-टेक्निका लंबगोल टोकाला ३०० तास सांगते, मायक्रोलिनिअरला १,०००. त्यासाठी मी प्लेअरच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय, दुधाच्या हिशोबासारखा. एका बाजूला एक रेघ, तीन रेघांचा एक तास, पाचवी रेघ आडवी. पहिल्या आडव्या रेघेशेजारी भाचीनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: 'चाळिशीपुढच्या – मामी, हजर.'